कोटा भरलाय

ही गोष्ट मी श्रीकांतलाही सांगितलेली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यापासून लपवलं ते दोन साड्या आणि हे. साड्यांचं त्याला कळलं. हे मात्र — नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आम्ही तेव्हा सिंगापूरला होतो, बुकित बातोकमध्ये. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. श्रीकांत मरीन इंजिनिअर, महिना महिना बोटीवर. घरी मी आणि आमची मुलगी ऋता, नवव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. खिडकीतून हिरवी टेकडी दिसायची आणि तिच्या अलीकडून एमआरटी, तिथली मेट्रो, जायची. ऋता प्रत्येक गाडीला हात करायची. ब्लॉकखालच्या मोकळ्या तळमजल्यावर दगडी टेबलं होती, तिथे चिनी आजोबा दिवसभर पट मांडून बसत. शनिवारी सकाळी हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईतून, कॉफी आणायची — प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोरी बांधलेली. आता पुण्यात कुणी घट्ट गोड दुधाची कॉफी पुढे केली की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. वेडेपणा आहे, पण येतं.

आणि ती टेबलं — त्या टेबलांवरच आमचं काम चालायचं. काम म्हणजे काय? पेपरातल्या छोट्या जाहिरातींत सरळ छापलेलं असायचं, खोली भाड्याने देणे आहे, नो इंडियन्स. नाहीतर फोनवर आवाज ऐकून खोली 'आत्ताच गेली' असायची. तेव्हा आम्ही चार-पाच बायका शनिवारी जमायचो. नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी फोन करायचो, घरमालकांना भेटायचो, पेपरला पत्रं लिहायचो. पत्रं मी लिहायची, कारण माझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं. एका पत्रात मी लिहिलं होतं की शितावरून भाताची परीक्षा भातापुरती ठीक, माणसांची अशी करू नये. इंग्रजीत ते बरं जमलं होतं. छापूनही आलं. ते कात्रण मी पुण्याला पाठवलं, भावाने चार लोकांना दाखवलं. मी फुशारले होते.

घराचे सगळे नियम मला पाठ होते. सरकारी ब्लॉकमध्ये कुठल्या वंशाची किती घरं, याला मर्यादा असते. चिनी, मलाय, इंडियन सगळ्यांनी मिसळून राहावं, एकेकाची वेगळी वस्ती होऊ नये, म्हणून तो नियम. तो फक्त घर विकत घेताना लागायचा. भाड्याच्या खोलीशी त्याचा संबंध नव्हता. हे मी किमान पन्नास जणांना समजावून सांगितलं असेल. हे लक्षात ठेवा.

आमचा फ्लॅट मॅडम गोहच्या मुलाचा. तो ऑस्ट्रेलियात, आणि ही बाई त्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर एकटी. पहिल्याच दिवशी तिने मला स्वयंपाकघरात उभं करून विचारलं होतं, "यू कुक हेवी ऑर लाइट?" मी म्हटलं, लाइट. आणि मग तीन वर्षं मी लाइट राहिले. मोहरी-हिंगाची फोडणी द्यायची ती दुपारी, शेजारचे कामावर गेले की. सुके बोंबील आणलेच नाहीत. पाहुणे यायच्या आधी पडदे धुवायचे. तुम्ही हसाल, पण मी लिफ्टमध्ये शिरले की स्वतःचा पदर हुंगायचे.

एकदा मॅडम गोह म्हणाली, "यू नॉट लाइक अदर इंडियन." मला राग यायला हवा होता, नाही का? पत्रं लिहिणारी मी. पण मला — मला ते आवडलं. घरी येऊन मी दिवसभर खुशीत होते.

सेल्वी त्यानंतर आली. त्रिचीची. नवरा मुरुगन आमच्या भागातल्याच एका कारखान्यात कामाला, मुलगी कविता ऋताच्या वर्गात. मला ती अक्का म्हणायची. शनिवारी आमच्या टेबलाशी बसून पाकिटांवर पत्ते लिहायची, आणि डब्यात काहीतरी आणायचीच. वडे, चिंचेचा भात. डबा उघडला की पटावरचे आजोबा मान वळवून बघत. तिला त्याचं काही वाटत नसे, उलट त्यांनाही द्यायची. ते खायचेही. मला मात्र तो डबा उघडला की अंग चोरावंसं वाटायचं. तेव्हा वाटायचं, मी फार नीटनेटकी आहे.

त्या वर्षी ते राहत होते तो फ्लॅट मालकाने विकायला काढला. महिनाभरात निघायला सांगितलं. आम्ही किती फोन केले असतील — सगळीकडे तेच. मुरुगनला कंपनीच्या वसतिगृहात एक खाट मिळत होती, पण बायको-मुलीला तिथे जागा नाही. खोली मिळाली नाही तर सेल्वीने कविताला घेऊन त्रिचीला परत जायचं, असं ठरलं होतं. दहा दिवस उरले होते.

आणि तेवढ्यात मॅडम गोहने स्वतःच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या ठरवल्या. लिफ्टपाशी मला गाठून म्हणाली, तुझी ती मैत्रीण, लहान मुलगीवाली, तिला खोली पाहिजे ना? ती पोर येता-जाता मला आंटी म्हणते. घरात बोलायला कुणीतरी होईल. मग विचारलं, "शी कुक लाइक यू, कॅन?"

म्हणजे दार उघडं होतं. मी फक्त 'कॅन' म्हणायचं होतं. एक शब्द.

मी काय म्हटलं? मी आवाज खाली आणला. म्हटलं, माणसं चांगली आहेत हं मॅडम, पण साउथ इंडियन आहेत. रोज चिंच, रोज तळण. वास कपाटातल्या कपड्यांत जाऊन बसतो, मग निघत नाही. "वी आर डिफरंट," असंही म्हटलं. तिने तोंड वाकडं केलं, 'आय्या' म्हणाली, आणि विषय संपला.

का? मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. सेल्वी चौथ्या मजल्यावर बिनधास्त फोडणी देणार, मग आम्ही सगळे एकाच माळेचे मणी ठरणार, अशी भीती होती. तीन वर्षं राखलेलं माझं वेगळेपण एका दुपारी जाणार होतं. पण खरं सांगू — भीतीपेक्षा तो हेवा होता. ती लपत नव्हती, आणि तरी तिला कुणीतरी घरात घेत होतं.

इथेच थांबले असते तरी एक वेळ — नाही, तरीही काही नाही. पण मी थांबले नाही. शनिवारी सेल्वीने विचारलं, अक्का, मॅडम गोहकडे खोल्या आहेत म्हणे, बोलाल का? मी म्हटलं, बोलले मी. आमच्या ब्लॉकचा इंडियन कोटा भरलाय. सरकारी नियम आहे, तिचाही इलाज नाही.

नियम सांगणारी मीच, मग खोटं कोण ठरवणार? तिने मान हलवली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "यू ट्राइड, अक्का." आणि उरलेल्या पाकिटांवर पत्ते लिहायला बसली.

ती खाली मान घालून लिहीत होती आणि मी समोर बसून पाकिटं चिकटवत होते. तेव्हाही सांगता आलं असतं. दहा दिवस होते. रोज सांगता आलं असतं.

तिने ते कोट्याचं देवळात आणखी कुणाकुणाला सांगितलं असणार. कारण पुढे एका तेलुगू कुटुंबाने आमच्या ब्लॉकमध्ये चौकशीच केली नाही. आमच्यातल्या एकीने मला विचारलंही, कोटा भाड्याला कधीपासून लागायला लागला? मी म्हटलं, हल्लीच. मॅडम गोहच्या खोल्या वर्षभर रिकाम्या होत्या.

सेल्वीला खोली मिळाली नाहीच. आम्ही तिला आणि कविताला सोडायला विमानतळावर गेलो. ऋता आणि कविता एकमेकींचे हात सोडत नव्हत्या. मुरुगन भिंतीला टेकून उभा होता. पुढची चार वर्षं तो वसतिगृहातच राहिला. कविताला बाप वर्षातून पंधरा दिवस दिसायचा.

त्याच वर्षी दिवाळीला सेल्वीचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं: कविता विचारते, आपल्याला तिथे का राहू दिलं नाही? मी तिला सांगितलंय, अक्काने खूप केलं, पण नियम होता.

मी उत्तर लिहिलं. चांगल्या इंग्रजीत, चार ओळी. लिहिलं की हो, नियमापुढे कुणाचं काही चालत नाही. ब्लॉकखालच्या पेटीत मी ते स्वतः टाकलं.

सेल्वीला मराठी येत नाही. हे सगळं मी मराठीत का लिहितेय, ते मला कळतं.