मेणमामा आणि शिजलेला दोर

ओला झालेला नायलॉनचा दोर मी चुलीवर वाळत घातला.

नाला ओलांडताना पाय माझाच घसरला होता. खांद्यावरचं दोराचं वेटोळं पाण्यात गेलं. पावसाळ्यात आई ओली धोतरं चुलीवरच्या दांडीला टाकायची, तेच मी केलं. धोतर आणि नायलॉन यांत काही फरक असतो, हे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मला वास आल्यावर कळलं. वीतभर दोर तपकिरी होऊन गुळाच्या पाकासारखा कडक झाला होता. आमच्या कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळाकडे एकूण एकच दोर होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला हत्तीकपाळ चढायचं होतं. मी जळका भाग आत दडेल असं वेटोळं गुंडाळलं आणि शहाण्यासारखा झोपलो.

हत्तीकपाळ म्हणजे नाकाडोंगरीपलीकडच्या जंगलातला एक उभा कातळ. नागपूरचे तीन पोट्टे तिथून दोनदा परत गेले होते. जाताना चहाच्या टपरीवर म्हणाले होते, "आम्हाले नाही जमलं, तं भंडाऱ्याच्या पोरायले काय जमते? ते धानाच्या बांधीवरून पडतात." हे वाक्य आम्ही वर्षभर उराशी धरलं होतं. परीक्षेनंतर सगळे पांगणार होते. चढायचं तर याच शिबिरात.

आणि या सगळ्याच्या आड मेणमामा उभे होते.

मेणमामा जातिवंत विणकर. घरचे माग एकेक करून बंद पडले, तेव्हा ते साकोलीच्या बाजारात छत्र्या आणि पिशव्या शिवायला बसले. आमच्या सरांनी एकदा फाटका तंबू त्यांच्याकडे नेला. मामांनी तो शिवला आणि विचारलं, "हे घेऊन जाता कुठं?" सरांनी सांगितलं. पुढच्या शिबिराला मामा दाभण, आरी आणि नवारीची गुंडाळी घेऊन एसटी स्टँडवर हजर. तेव्हापासून आमचं प्रत्येक शिबिर त्यांच्या टाक्यांवर चाललं. त्यांच्या धोतराच्या सोग्यात मेणाचा लिंबाएवढा गोळा कायम बांधलेला असे. प्रत्येक दोरा त्यावरून तीनदा ओढल्याशिवाय सुईत जायचा नाही. कोणी घाई केली की म्हणत, "मेण नाही खाल्लं तं दोरा पाणी पिते, बाप्पा. पाणी पेला का सडला."

त्यांची दुसरी सवय पाहायला गावातली माणसं जमत. शिवलेली कोणतीही वस्तू ते आधी स्वतःवर आजमावत. कमरेला बांधायचा पट्टा त्यांनी खाटेच्या नवारीचा केला होता, पाच ओळी टाके घालून. तो कमरेला बांधून, मोहाच्या फांदीला दोर टाकून, साठीचे मामा धोतरासकट अधांतरी लटकत आणि तिथूनच बिडी मागत. बिडी संपेपर्यंत काही तुटलं नाही, तर पट्टा आमचा.

तर ती सकाळ. चढाईआधी मामा मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि दोर बोटांतून सरकवू लागले. मागावर सूत तपासतात तसा, इंच इंच. मी लांब उभा राहून झाडावरचे पक्षी मोजत होतो. बोटं थांबली.

"इथं काय शिजलं?" डोळे न उघडता मामांनी विचारलं.

मी जवळ गेलो. "मामा, थोडंसंच आहे. वरून नवार गुंडाळून दोन टाके मारा ना."

त्यांनी दोर पुढे सरकवला. हातभर अंतरावर बोटं पुन्हा थांबली. तिथे मला काहीच दिसत नव्हतं. मामांनी माझं बोट धरून तिथे ठेवलं. आत काडीसारखं काहीतरी ताठ होतं. ते मलाही माहीत नव्हतं.

"पिशवीले टाका मारता येते, जोड्याले मारता येते," मामा म्हणाले. "जिवाच्या दोराले टाका नाही."

आणि त्यांनी सुरी काढून आमचा एकुलता एक दोर कापला. माझ्या घशातून आवाज आला तो वासराचा होता, असं माझा चढाईतला जोडीदार वामन आजही सांगतो.

सर धावत आले. "मामा, हे काय केलं?"

"उंदरानं खाल्ला, सर."

"उंदरानं? एवढा?"

"मोठा होता. दोन पायाचा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा पक्ष्यांकडे.

मोठा तुकडा उरला तो कातळाच्या उंचीला पुरेना. सर परत फिरायचं म्हणू लागले. मामा कातळाकडे बराच वेळ बघत राहिले. मग मधल्या अरुंद कट्ट्याकडे बोट केलं. तिथे फटीतून एक झाड निघालं होतं. "एका दमात कायले जाता? तिथं बसा. झाडाले बांधा. मंग दुसरा दम घ्या." सर दुर्बिणीतून झाड पाहत राहिले आणि शेवटी "झाड पक्कं असेल तरच पुढे" म्हणाले. तेवढ्यात मामांना माझ्या कॅनव्हासच्या बुटाचा सुटू लागलेला तळ दिसला. पाय माझ्या अंगाला असतानाच त्यांनी तो शिवला. एक टाका अंगठ्याला लागला. तो चुकून लागला असं मी मानतो.

आम्ही चढलो. कट्ट्यावर पोचलो. झाड हलवून, ओढून पाहिलं. खोडाला दोर बांधला, वामनला वर घेतलं आणि बसलो. बसल्यावर दिसलं की वरची सरळ वाट फसवी आहे आणि उजवीकडे कातळात एक तिरकी भेग माथ्यापर्यंत गेली आहे. नागपूरकरांचा दोर लांब होता, म्हणून ते थांबले नव्हते. थांबले नव्हते म्हणून त्यांना ती दिसली नव्हती. तासाभरात आम्ही हत्तीकपाळाच्या डोक्यावर होतो. खाली शेळ्या राखणाऱ्यांनी आरोळ्या ठोकल्या, सरांनी टोपी उडवली. भंडाऱ्याची पोरं बांधीवरून पडली नव्हती.

वर मेणमामा बसले होते. शेजारी किटली. मागून शेळ्यांची पायवाट होती.

"लयच येळ लावला गा," ते म्हणाले. "चहा दोनदा गरम केला."

पुढे वर्षभर मी सगळ्यांना सांगत फिरलो की दोर छोटा ठेवायची युक्ती माझीच. मामांनी एकदाही खोडून काढलं नाही.

नंतर मी लाखनीला शाळेत मास्तर झालो, मुलांना डोंगरावर नेऊ लागलो. दोर डोळे मिटून तपासतो. एकदा गाठीजवळ बोट थांबलं, तेव्हा पन्नास मुलांसमोर मीही कापला. त्या वेळी घशातून आवाज आला नाही.

वयाच्या ऐंशीनंतर एका उन्हाळ्यात मामा घरी आले. नजर गेली होती, मुलाकडे नागपूरला कायमचे निघाले होते. सोगा सोडून त्यांनी मेणाचा गोळा काढला. झिजून सुपारीएवढा झालेला. माझे डोळे भरून आले. मी दोन्ही हात पुढे केले.

मामांनी माझे हात चाचपले, बाजूला सारले आणि गोळा माझ्या बायकोच्या तळहातावर ठेवला.

"तू ठेव, सूनबाई. याच्याजवळ देलं तं चुलीवर ठेवंल."