चीड की सुरू?

माझी सून उत्तराखंडातल्या डोंगरातली, अल्मोड्याची. लग्नानंतर लेक आणि ती बेळगावला आमच्याकडंच राहायला आली. पहिल्याच आठवड्यात मी तिला स्कूटरवरून कॅम्प दाखवायला नेलं, तर ही मागून ओरडली, "आई, थांबा! चीड!"

मी दचकून ब्रेक दाबला. चीड म्हणजे तिच्या गावाकडचं पाइनचं झाड. ती रस्त्याकडेच्या उंच झाडाकडं पळाली. खाली पडलेली हिरवी काडी उचलून ओढली, आणि तिचा चेहराच उतरला. काडी पेराजवळ तटकन तुटली होती. झाड सुरूचं होतं. चीडच्या लांब सुया अशा पेरापेरानं तुटत नाहीत म्हणे. तीन-तीन सुया बुडाशी जुडीसारख्या बांधलेल्या असतात.

तिच्यापायी मलाच नाद लागला. रविवारी आम्ही झाडं शोधत हिंडायचो. बंगल्यांपुढची ख्रिसमस ट्री तिनं लांबूनच बाद केली. त्या झाडांची पानं सुटी, फांदीला गच्च चिकटलेली. उचगावच्या वाटेवर मी मोठ्या उत्साहानं थांबले, तर परत सुरूच.

"आई, तुम्हाला आता सगळीकडं चीडच दिसते!" ती हसून म्हणाली.

मग भाचीचा साखरपुडा ठरला. निपाणीजवळ टेकडीच्या उतारावर नवऱ्या मुलाकडच्यांचा बंगला होता, तिथंच. जेवण झाल्यावर हात धुवायला मागं गेले, तर पाय सुळकन सरकला. खाली तपकिरी सुयांचा थर! एक जुडी उचलली. तीन सुया. ओढून बघितलं, पेर कुठंच नाही.

"अगं, लवकर ये!"

सून आली. तिनं सुया नाकाशी धरल्या, डोळे पुसले, आणि आचाऱ्याकडचा पुठ्ठा आणून त्यावर बसली. रेशमी साडीत सर्रकन खाली!

"शाळेतून येताना आम्ही असंच घसरायचो. या ना, आई!"

"येडी काय गं तू? साठी झाली माझी."

पण बसले. थेट कर्दळीत जाऊन थांबले.

नवऱ्या मुलाची आई धावत आली. "आक्का, लागलं काय हो?"

"न्हाय, न्हाय!" म्हणत मी केसांतल्या सुया काढल्या आणि सगळी हकीकत सांगितली.

"अगंबाई! आम्ही तर याला सुरूच म्हणतोय की," त्या म्हणाल्या. मग इकडंतिकडं बघून त्यांनी पदर खोचला. "द्या बघू तो पुठ्ठा."

भाची फोटोसाठी आम्हाला शोधत आली, तेव्हा तिची होणारी सासू ओरडत उतारावरून खाली येत होती.