लाल पेन

बीरगांवच्या आमच्या शाळेत एक मास्तर हिंदी शिकवतात आणि मी शेजारच्या वर्गात गणित. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या माणसांची चरित्रं ते मुलांना वाचायला देतात आणि पाच वाक्यांत सारांश मागतात. 'महान', 'थोर' असले शब्द दिसले की त्यांचं लाल पेन चाललंच. मला म्हणतात, "मॅडम, खोडून पाहाचं. काही बिघडलं नाही, त समजा ते फालतूच होतं." त्यांच्यासमोर बोलताना मलाही धास्तीच वाटते.

परवा शाळेचे अध्यक्ष अचानक त्यांच्या वर्गात आले. कारखान्यांना मजूर पुरवण्याचा त्यांचा ठेका आहे. एक पोट्टी मालकाच्या तावडीतून पळालेल्या एका गुलामाच्या चरित्राचा सारांश वाचत होती. चार वाक्यं झाली. पाचवं होतं, "माझ्या बाबांचं आधार कार्डही ठेकेदारानं ठेवून घेतलंय, म्हणून त्यांना गावी जाता येत नाही."

अध्यक्ष आलेले पाहून मी खडू हातात घेऊनच त्या वर्गाच्या दारात येऊन उभी होते.

"गुरुजी, ये आखिरी लाइन काटिए," अध्यक्ष म्हणाले.

मास्तरांनी वही घेतली, पेनाचं टोपण काढलं. पहिली चार वाक्यं त्यांनी एकेक करून, सावकाश खोडली आणि वही अध्यक्षांपुढे धरली.

"काटकर देख लिया, सर. ये चार निकल सकती हैं. वो नहीं."

त्या दिवसाचा सारांश लिहिला, तर त्यातून मला खोडूनही काही बिघडणार नाही. मी दारातूनच माझ्या वर्गात परतले होते.