अज्ञात सिगार क्रमांक तीन

जळगावच्या एका शाळेत मी तेहतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्यातलं मुलांच्या काय लक्षात राहिलं असेल ते असो, पण एक गोष्ट मी त्यांच्याकडून घोटून घेतली होती. परीक्षानळी थेट नाकाखाली धरायची नाही. हाताने वारा घालून वास आपल्याकडे ओढायचा, मग डोळे मिटायचे, आणि शेजारच्याच्या वहीत न बघता काय वाटलं ते लिहायचं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत नळीवर नाव नसायचं, फक्त नंबर. अज्ञात क्षार क्रमांक तीन, ओळखा.

निवृत्त झाल्यावर ही सवय कुठे वापरायची हा प्रश्न होता. तो माझ्या दाताच्या डॉक्टरांनी सोडवला. हे डॉक्टर दिवसभर लोकांना तंबाखू सोडा म्हणून दटावतात, भिंतीवर सडलेल्या जबड्यांचे फोटो लावतात, आणि महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सिगार ओढतात. सिगार म्हणजे तंबाखू नव्हे, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. मला त्यांच्या सिगार-मंडळात घेतलं तेव्हा तिथे तिघे होते. एक डॉक्टर. दुसरे केळीचे व्यापारी, त्यांचा पुतण्या जहाजावर असतो आणि येताना परदेशी सिगार आणतो. आणि तिसरा धुळ्याचा माझा मित्र, ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो आहे. तो एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड रूम सांभाळत होता. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, म्हणून मला नाना म्हणतो. मी त्याला आबा म्हणतो, कारण त्याला सगळेच आबा म्हणतात.

मी येण्याआधी हे तिघे सिगार ओढत आणि 'मस्त' म्हणत. महाग असली तर 'फारच मस्त' म्हणत. मला हे शास्त्राला धरून वाटेना. मी नियम घालून दिले. सिगारवरची कागदी पट्टी आधीच काढून टाकायची. सिगार शाळेतून भंगारात निघालेल्या जाड काचनळ्यांत, नळीला फक्त नंबर. ओढताना कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने कागदावर अभिप्राय लिहायचा, घडी घालून डॉक्टरांकडे द्यायचा. एकदा दिलेला कागद परत मिळणार नाही. डॉक्टर सगळे कागद मोठ्याने वाचणार, माझा सर्वांत शेवटी. हे शेवटचं कलम मी घातलं नव्हतं, ते आपोआप पडलं. माझं नाक मंडळात सर्वांत तयार मानलं जाई, आणि माझा कागद आधी वाचला तर बाकीच्यांना आपले कागद गिळावेसे वाटत.

खरं सांगायचं तर तेव्हा माझं नाक होतंच तसं. मी लिहायचो, 'सुरुवातीला ओल्या गोणपाटाचा वास, मध्यावर शेंगदाण्याची टरफलं जळल्यासारखा, शेवटी कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या भरिताच्या वांग्याचा.' व्यापारी मांडीवर थाप मारून म्हणायचे, 'अगदी बरोबर, वांगंच!' केळी पिकवण्याच्या त्यांच्या गोदामाच्या गच्चीवर आम्ही बसायचो. खालून पिकत्या केळ्यांचा गोड वास यायचा, तोही मी अभिप्रायातून वजा करायचो.

मग दोन वर्षांपूर्वी मला ताप आला. साधा, चार दिवसांचा. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवरच होतं, चष्मा त्यावर टेकायचा, पण वास बंद. गॅसवर दूध करपून कोळसा झालं आणि मी त्याच ओट्याशी उभा राहून वर्तमानपत्र वाचत होतो. बायको धावत आली, पातेलं बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं. 'कान-नाक-घसा'वाल्यांनी सांगितलं, येईल कधीतरी, कदाचित नाहीही येणार. एवढं तर मीही सांगू शकलो असतो.

मंडळाला मी काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? लाज वाटली, दुसरं काही नाही. शाळा सुटल्यावर मला कोणी काही विचारावं अशी ती एकच जागा उरली होती. पुढच्या रविवारी गेलो. सिगार ओढली, तोंडात गरम धूर आला आणि गेला, आणि मी कागदावर रात्री इंटरनेटवर वाचलेलं लिहिलं. देवदार. जुनं चामडं. दूर कुठेतरी कोको. जळगावात देवदार कोणी पाहिलेला नाही. डॉक्टर वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, 'नाना, तुमचं नाक आता कुठे खरं पिकलंय.' नाक होतं तेव्हा वांगं आणि गोणपाट, नाक गेलं तेव्हा देवदार आणि कोको, आणि कौतुक दुप्पट. दीड-दोन वर्षं हा उद्योग चालला. एकदाही कोणाला संशय आला नाही, आणि याचा मला हळूहळू राग येऊ लागला होता.

तर त्या रविवारी नळ्या तीन होत्या. एक आणि दोन नंबरबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिसरी पेटवली तेव्हा व्यापारी खोकले. डॉक्टरांनी सिगार तोंडातून काढून उलटीपालटी करून बघितली. मी नियमाप्रमाणे कोणाकडे बघत नव्हतो. आबा मात्र माझ्याकडे बघत होता, ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मी लिहिलं, 'मधाचा मंद गोडवा, मागून दालचिनी, शेवट स्वच्छ. आजची सर्वोत्तम.' घडी घातली आणि दिली.

डॉक्टर वाचू लागले. व्यापाऱ्यांचा कागद एका शब्दाचा होता : डांबरगोळी. डॉक्टरांचा स्वतःचा कागद जरा सविस्तर : 'डांबरगोळ्यांच्या कपाटात तोंड घातल्यासारखं वाटलं.' आबाच्या कागदावर होतं, 'बरी आहे. मेहनतीने वळलेली दिसते.' आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

मला त्याच क्षणी दोन गोष्टी कळल्या. एक, ही सिगार आबाची होती. भडगावला गिरणेकाठी त्याचं थोडं शेत आहे, तिथे त्याने बांधाला तंबाखूची काही रोपं लावल्याचं तो मागे एकदा बोलला होता. दोन, आता माझा कागद वाचला जाणार होता आणि तो परत घ्यायचा नाही हा नियम माझाच होता.

डांबरगोळी हा शब्द आबाला साधा नव्हता. तीस वर्षं तो रेकॉर्ड रूममध्ये बसला. तिथे कसर लागू नये म्हणून फायलींच्या मधे मूठमूठ डांबरगोळ्या टाकतात. तो वास त्याच्या कपड्यांना, डब्याला, सायकलच्या सीटलाही लागला, आणि त्याला स्वतःला तो येईनासा झाला. कचेरीतले लोक त्याला पाठीमागे 'डांबरगोळी' म्हणतात, हे त्याने मला स्वतःच सांगितलं होतं, हसत हसत. 'चहाच्या वेळी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते नाना. पंख्याखालची आहे, तरी रिकामी.' मीही तेव्हा हसलो होतो. त्याचं बघून हसलो होतो.

डॉक्टरांनी माझा कागद उघडला आणि वाचला. मध. दालचिनी. शेवट स्वच्छ. आजची सर्वोत्तम.

मग जे झालं ते आमच्याच मंडळात होऊ शकतं. व्यापाऱ्यांनी विझत आलेली तीन नंबर पुन्हा पेटवली, डोळे मिटून एक झुरका घेतला आणि म्हणाले, 'हां... आता येतोय मध.' डॉक्टर म्हणाले, 'मी सकाळी क्लिनिकमध्ये जंतुनाशक हाताळलं होतं, तोच वास माझ्या बोटांना असणार.' दोन शाबूत नाकांनी एका मेलेल्या नाकापुढे हात जोडले. आबा उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. 'ती माझी आहे,' तो म्हणाला. 'मी लावली, मी सुकवली, मी वळली. पुढच्या आठवड्यात मी रिटायर होतोय. अशा पंचवीस वळल्यात. निरोपाच्या कार्यक्रमात कचेरीतल्या प्रत्येकाच्या हातात एकेक देणार.'

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी आलो तर बायकोने दारातच शर्ट काढायला लावला. 'डांबरगोळ्यांच्या पेटीत झोपला होता का?' तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, 'पंचवीस लोक त्याच्या तोंडावर हसतील, आणि त्याला वाटेल मध आवडला.' मी जेवलो नाही. तसंही दोन वर्षांत जेवणात काही राम राहिला नव्हता. फोनवर सांगावं असं दहादा वाटलं. फोनवर हे सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याची एसटी धरली.

आबाने उरलेली रजा टाकली होती, घरी एकटाच होता. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर पंचवीस सिगारी मांडल्या होत्या आणि प्रत्येकीला तो लाल दोरा बांधत होता. मला बघून इतका खूश झाला की मला परत फिरावंसं वाटलं. पाणी दिलं, चहा टाकला. मी चहा यायची वाटही बघितली नाही. म्हणालो, 'आबा, माझं नाक गेलंय. दोन वर्षं झाली. मला तुझ्या सिगारचा वास आलाच नाही. मी बनवून लिहिलं.'

तो आधी हसला. मग त्याचा चेहरा घट्ट झाला. बाहेर तो आमच्यासारखंच बोलतो, पण रागावला की घरातल्या अहिराणीवर येतो. 'डॉक्टरनी फोन करा व्हता ना तुमले? त्यानीच सांगं ना असं बोला म्हनीसन?'

'कोणाचा फोन नाही. खरं सांगतोय.'

'मंग डोया मिटा,' तो म्हणाला.

त्याने खांद्यावरचा पंचा माझ्या डोळ्यांवर बांधला. तेहतीस वर्षं मी मुलांची परीक्षा घेतली होती, आता माझी सुरू झाली. तो आत गेला, डब्यांचे आवाज आले, पावलं परत आली. माझ्या नाकाखाली काहीतरी धरलं.

'हाई काय शे?'

'काही येत नाही.'

'हिंग व्हतं,' तो म्हणाला. पुन्हा पावलं, पुन्हा आली. 'आनि हाई?'

'नाही.'

'फिनेल.' त्याचा आवाज आता बारीक झाला होता. मग तो कुठे गेला नाही. तिसऱ्यांदा त्याने नाकाखाली जे धरलं ते बराच वेळ धरून ठेवलं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो मनात म्हणत असणार की हे तरी ओळखू दे, म्हणजे मध खरा, दालचिनी खरी. मला तिसऱ्यांदा नाही म्हणायचं जिवावर आलं.

'मोगरा,' मी म्हणालो. 'अगदी हलका. मागून ओल्या मातीचा...'

'हात रिकामा शे नाना,' तो म्हणाला. 'हातमा काहीच नही.'

मी पंचा सोडला. कबुलीजबाब द्यायला तीस कोसांचा प्रवास करून आलो होतो आणि तिथेही खोटं बोललो होतो. मला माझीच शिसारी आली. तो खुर्चीवर बसला. सिगारींकडे बघत म्हणाला, 'म्हंजे त्या दोन्ही कागद खरा व्हतात.'

मी पंच्याची घडी घालून टेबलावर ठेवली. बोलण्याचा हक्क राहिला नव्हता. चहा उतू गेला असावा, तो उठून आत गेला, ओटा पुसून दोन कप घेऊन आला. चहा पिताना त्याने सांगितलं की पानं सुकल्यावर ठेवायला कोरडी जागा नव्हती, म्हणून त्याने ती रेकॉर्ड रूममधल्या एका रिकाम्या लाकडी पेटीत वर्षभर ठेवली होती. 'तिथं सगळ्यांत सुरक्षित राहतात वस्तू,' तो म्हणाला. 'कसर लागत नाही.' आणि मग पहिल्यांदाच तो स्वतःशी हसला. मी माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

निघताना त्याने लाल दोऱ्यांसकट सगळ्या सिगारी वर्तमानपत्रात गुंडाळल्या, कापडी पिशवीत घातल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली.

'निरोपाला?' मी विचारलं.

'पेढा वाटसु. ह्या बठ्ठ्या तुम्ही लई जा. सारी दुनियामा तुमले एकलालेच आवडन्यात.'

मला सिगारी नको होत्या, पण नको म्हणणं शक्य नव्हतं. स्टँडवर जळगावची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेतली. गाडी भरत गेली. शाळकरी मुली, भाजीची गाठोडी घेतलेल्या बाया, एक नवरा-बायको तान्ह्या लेकरासह. एक गृहस्थ माझ्या शेजारी टेकले, लगेच उठले आणि पुढे जाऊन दांड्याला धरून उभे राहिले. मग त्या लेकराची आई बसली, पदर नाकाला लावला आणि नवऱ्याला पुढे चलायची खूण करून उठली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. 'बाबा, पिशवीमा काय शे? डांबरगोया का?'

'हो,' मी म्हणालो. 'पण मला वास येत नाही.'

परक्या माणसाला हे मी पहिल्यांदाच सांगितलं, आणि ते फार सोपं गेलं. त्याने मान हलवली आणि पुढे गेला. गाडी खच्चून भरली होती, लोक दारापर्यंत उभे होते. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. माझ्या शेजारची जागा जळगावपर्यंत रिकामी राहिली.