नको ते आवाज

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात एका गराज सेलला जुना स्पीकर घ्यायला गेलो, तर विकणारा माणूस मराठीच निघाला. नोकरीत गाड्यांमधले नको ते आवाज शोधून बंद करायचे आणि घरी तेच आवाज रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर त्यांचं संगीत रचायचं, हा त्याचा उद्योग. सगळं स्वतःच शिकलेला. त्याने ऐकवलेल्या तुकड्यात वायपरचं खरडणं हळूहळू सारंगीसारखं रडायला लागलं. अंगावर काटा आला.

“ऑफिसात यांना हाकलतो ना,” तो संकोचून म्हणाला, “म्हणून घरी बसायला जागा देतो.”

निघताना माझ्या गाडीचं दार नेहमीसारखं करकरलं. तो माइक घेऊन धावतच आला. “थांबा, परत एकदा उघडा ना, हळू!” आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

सोमवारची मेकॅनिकची अपॉइंटमेंट मी कॅन्सल केली.