साडूच्या गाडीपेक्षा मोठा आवाज

मित्रांनो, आज उदगीरला गाडीत सबवूफर, म्हणजे दणका देणारा स्पीकर, बसवायला गेलो. खरं कारण सांगतो. साडूची गाडी आली की आमच्या गल्लीतल्या खिडक्या थरथरतात आणि माझा जीव जळतो.

मी त्याच्यापेक्षा मोठाच मागितला. दुकानदाराने माझ्या मोबाईलमधलं आमच्या मंडळाचं भजन लावलं. त्यात पखवाज माझा आहे. मोठ्यात नुसती धडधड ऐकू आली, लहान सबवूफरमध्ये मात्र माझी एकेक थाप वेगळी कळली. लहानच घेतला.

संध्याकाळी साडू गाडीत बसला, मी तेच भजन लावलं आणि तो म्हणाला, "पाव्हणं, आवाज लई बारीक हाय की!"

मी आवाज पूर्ण वाढवला. विठ्ठलाचं नाव चालू असताना स्पीकरमधून माझीच थाप फाटकी ऐकू आली.

ही जळजळ तुम्ही कशी शांत करता?