भिंगावरचा आळ

माझ्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी, तिसऱ्या पिढीचे घड्याळजी. त्यांच्या आजोबांच्या आणि वडिलांच्या नजरेच्या मधोमध चाळिशीनंतर धुकं उतरलं. घरात सगळ्यांनी मिळून आळ घेतला तो भिंगावर. भिंग उजव्या डोळ्याला लावतात, मग डावा का जातो, असं मी एकदा विचारलं. बहिणीने "जेव आता" म्हणून विषय मिटवला.

म्हणून दाजींनी लेकीला दुकानातल्या टेबलाशी कधी बसू दिलं नाही. माझ्या भाचीचा हात बापापेक्षा हलका. माझं बंद पडलेलं घड्याळ तिने चोरून चालू करून दिलं होतं. पण दाजींचं एकच पालुपद, या धंद्याने दोघांचे डोळे खाल्ले, पोरीचे देणार नाही. तिला त्यांनी एका कचेरीत चिकटवून दिलं. तिथे ती दिवसभर फायलींना भोकं पाडायची.

पुढे दाजींनाच सेकंदकाटा दिसेना. मी त्यांना ओढतच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले, मग कागदावर घराण्याची वंशावळ मांडायला घेतली. दाजी सहज बोलून गेले की आत्याचीही नजर गेली होती, पण ते वयामुळे. बाईंनी वय विचारलं. पंचेचाळीस.

"त्या घड्याळं दुरुस्त करायच्या?"

आत्याबाईंनी जन्मात घड्याळाला किल्लीसुद्धा दिली नव्हती.

रक्त दिलं. दीड महिन्याने जनुकीय चाचणीचा निकाल आला. दोष रक्तातूनच चालत आला होता, बिचाऱ्या भिंगाचा काही गुन्हा नव्हता. यावर सध्या औषध नाही, हेही बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मुलांत तो उतरण्याची शक्यता निम्मी, हे ऐकून मात्र दाजींचा चेहरा उतरला. भाची म्हणाली, माझंही रक्त घ्या. तिचा निकाल यायला पाच आठवडे लागले.

तिच्यात तो दोष नव्हता. बहीण बाईंचे हात धरून रडली. दाजी मला दगड म्हणतात, पण मीही रडलो. त्या बाईंचे उपकार आम्ही कधीच फेडू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर दाजींनी स्वतः बाजूला होऊन लेकीला आपल्या खुर्चीत बसवलं.

"घाई कर," ते म्हणाले. "मला दिसतंय तोवरच तुझ्या चुका पकडता येतील."